नकाराचा रकाना

हिवतापाच्या डासांसाठी घरोघरी होणाऱ्या फवारणीच्या तक्त्यात प्रत्येक गावापुढे ठरलेले रकाने असतात. एकूण घरं, पूर्ण फवारलेली, अर्धवट फवारलेली, बंद, नकार. गेल्या सप्टेंबरमध्ये एका गावापुढे '३८ पूर्ण, नकार ०' असं लिहिलं गेलं. त्या शून्यासाठी बैठकीत माझं नाव घेऊन कौतुक झालं. वर्ष होत आलं, पण ते शून्य माझ्या डोक्यातून जात नाही.

मी दक्षिण गडचिरोलीत एका संस्थेची समन्वयक आहे. एका बाजूला हिवतापाचा सरकारी कार्यक्रम, दुसऱ्या बाजूला ग्रामसभा, बचत गट, गावाची आरोग्य समिती, आणि मध्ये आम्ही. समन्वय म्हणजे बैठका असं लोकांना वाटतं. खरं तर माझा निम्मा वेळ निरोप पोचवण्यात जातो. पावसाळ्यात पर्लकोटेच्या पुलावरून पाणी गेलं की भामरागडसारखं तालुक्याचं ठिकाणसुद्धा तुटतं, मग नाल्यापलीकडच्या पाड्यांचं काय सांगावं! फोन लागत नाही. निरोप बाजाराला किंवा रेशनला आलेल्या माणसाबरोबर जातो, आणि तो पोचेपर्यंत फवारणीची तारीख बदललेली असते.

फवारणी करणारी आमची हंगामी पोरं याच भागातली. त्यांना कोणी 'मजूर' म्हणालं की मला राग येतो. एकदा त्यांची सकाळ बघावी. आधी नोझल तपासतात. मापाच्या भांड्यात एक मिनिट धार धरायची, ती ७४० ते ८५० मिलिलिटरमध्ये बसली पाहिजे. जास्त भरली तर तोंड झिजलंय, टिप बदला. मग २५० ग्रॅम अल्फासायपरमेथ्रिनची भुकटी थोड्या पाण्यात कालवायची, गुठळी राहू द्यायची नाही, पाणी वाढवत दहा लिटर करायचं आणि फडक्यातून गाळायचं. नोझल भिंतीपासून ४५ सेंटिमीटरवर. ५३ सेंटिमीटरचा पट्टा वरून खाली, पुढचा खालून वर, कडेला थोडा चढवून. एक बादली ५०० चौरस मीटरला पुरली पाहिजे, म्हणजे चौरस मीटरला २५ मिलिग्रॅम औषध बसतं. इथली घरं कुडाची, वरून मातीचं लिंपण. मातीच्या भिंतीवर पातळ औषध टिकत नाही, माती ते पिऊन टाकते. भुकटीचे कण मात्र वर बसून राहतात. म्हणून भुकटी.

फवारणीने डास चावायचा थांबत नाही, हे शिकल्यासवरल्या लोकांनाही माहीत नसतं. रक्त पिऊन जड झालेली मादी जवळच्या भिंतीवर टेकते, तिथे औषध लागून मरते. तिच्या पोटातला जंतू वाढून दुसऱ्याच्या अंगात जायला जे दहा-बारा दिवस लागतात, तेवढं तिला जगूच द्यायचं नाही. सगळा खेळ त्या भिंतीवर आहे. म्हणून आम्ही प्रत्येक दारात सांगतो, अडीच महिने भिंत सारवू नका.

त्या गावात हेच सांगायला मी आदल्या संध्याकाळी पोचले. गोटुलात, म्हणजे गावाच्या सामाईक घरात, सगळे जमले होते. गावाचा पारंपरिक प्रमुख भूमिया, पुजारी, बचत गटाच्या बाया, आमची आशाताई. मला माडिया समजते, बोलताना अडखळते, म्हणून आशाताई शेजारी बसली होती. पुरुष फारसं बोलले नाहीत. एक आजी उठली. नव्या धानाचा पंडुम, म्हणजे सण, बारा दिवसांवर आहे, म्हणाली. घर सारवल्याशिवाय नवा दाणा आत घेत नाहीत. बाया पुढच्या आठवड्यात पांढरी माती आणायला जाणार. तुमचं औषध आज मारलं तर मातीखाली जाईल. पंडुम झाला की या, भिंत कोरी असेल, मग दिवाळीच्या पुढेपर्यंत कोणी हात लावणार नाही.

मग बचत गटाच्या अध्यक्षबाईंनी ठरावाची वही पुढे केली. ग्रामसभेने ते सगळं लिहूनच ठेवलं होतं, खाली सह्या आणि अंगठे. फवारणी हवी आहे, पंधरा दिवसांनी हवी आहे, पथकाच्या पाण्याची आणि जेवणाची सोय ग्रामकोषातून करू.

इतका स्पष्ट, इतका शहाणा ठराव मी क्वचित वाचला असेल. आणि तरी मी तो बाजूला ठेवला.

कारणं सांगते, ती खोटी नव्हती. पथकाचे दिवस मंजूर होते तेवढेच. पुढे अकरा गावं ओळीने लागलेली. औषधाच्या पेट्या इथून दुसऱ्या उपकेंद्राकडे जाणार होत्या. पर्यवेक्षक दादांना मी सकाळीच विचारलं होतं, "हे गाव शेवटी घेता येईल का?" ते मनाने चांगले आहेत, पायी हिंडणारे आहेत. म्हणाले, "ताई, तारीख हलवायचा अधिकार मला नाही. उद्या झालं नाही तर नकार लिहावा लागेल." या गावाच्या नावावर आधीच्या दोन फेऱ्यांचा नकार होता. तिसरा लागला असता तर 'विरोध करणारं गाव' हा शिक्का पक्का झाला असता, आणि तो शिक्का पुसायला किती वर्षं लागतात ते मला ठाऊक आहे. आधीचे दोन नकारही असलेच होते का, हे मी तोवर कधी विचारलं नव्हतं.

मग मी बोलले. सात वर्षांची ओळख होती, दोन पुरांतली ये-जा होती, ती सगळी मी त्या रात्री वापरली. बाहेरून सारवा, आतून या वर्षी राहू द्या, अशी विनवणी केली. आजी माझ्याकडे बराच वेळ बघत राहिली. मग आशाताईकडे वळून काहीतरी बोलली. आशाताईने भाषांतर केलं, "ताई म्हणते तर मारू द्या म्हणते." मला तेव्हा जिंकल्यासारखं वाटलं होतं.

दुसऱ्या दिवशी ३८ घरं झाली. बायांनी पहाटेच हंडे भरून ठेवले होते, सामान अंगणात काढलं होतं, कोंबड्या झाकल्या होत्या. धान्याच्या कणग्यांवर ताडपत्री होती. एवढं नीट सहकार्य मी शहाण्यासुरत्या वस्त्यांतही पाहिलेलं नाही.

नवव्या दिवशी मी दुसऱ्याच कामाला तिथून जात होते. घरं लांबूनच पांढरी दिसली. एका घरात आत गेले, भिंतीला हात लावला, बोटांना ओली माती लागली. आत, बाहेर, दारामागे, झोपायच्या जागेपाशी, सगळीकडे एकसारखी बोटं फिरलेली होती. घरातली सून खाली बघत म्हणाली, "पंडुम आहे ना, ताई." तिने मला फसवलं नव्हतं. मी तिला दोन खरं बोलण्यातलं एक निवडायला लावलं होतं.

ऑक्टोबरच्या शेवटी, फवारणीला साधारण पाच आठवडे झाले असताना, आशाताईबरोबर मी पुन्हा तिथे होते. आजीची नात, सात वर्षांची, चुलीजवळ गोधडीत कुडकुडत होती. आशाताईने बोट पुसलं, टोचलं, थेंब किटवर ठेवला, द्रावणाचे थेंब टाकले आणि घड्याळ बघत बसली. पंधरा मिनिटं कोणी बोललं नाही. नियंत्रणाची रेघ आली, म्हणजे किट नीट चाललं होतं. मग पीएफची, म्हणजे फाल्सिपेरम या घातक हिवतापाची. पोर शुद्धीवर होती, पाणी पोटात राहत होतं, झटका आलेला नव्हता. पाच ते आठ वर्षांच्या मुलांचं गोळ्यांचं पाकीट हिरवं असतं. पहिला डोस आशाताईने समोर बसवून दिला. तीन दिवस रोज जाऊन दिला, दुसऱ्या दिवशी प्रायमाक्विनची गोळीही. पोर बरी झाली. त्या पंधरवड्यात गावात आणखी चार पीएफ निघाले.

भिंती कोऱ्या असत्या तर हे पाच ताप टळले असते का? मला सांगता येत नाही. ती पोर बापाबरोबर रानडुकरं हाकायला शेतातल्या मचाणावरही झोपायची, तिथे ना भिंत ना मच्छरदाणी. औषधी मच्छरदाण्या घरी दोरीवर होत्या. कुठल्या रात्री कुठला डास चावला, ते कोण सांगणार? पण त्या फेरीचं औषध, पोरांची मेहनत, ३८ घरांतलं सामान बाहेर काढणाऱ्या बायांची पहाट, हे सगळं मातीखाली गेलं हे नक्की. आणि ते जाणार आहे हे आजीने आधीच सांगितलं होतं.

देशात १९५३ पासून हा कार्यक्रम चालू आहे. एकदा हिवताप जवळजवळ संपला असं वाटत असताना १९७६ मध्ये रुग्ण ६४ लाखांवर गेले होते. आता २०१६ च्या राष्ट्रीय आराखड्याप्रमाणे २०३० पर्यंत तो देशातून घालवायचा आहे. मला हे मनापासून हवं आहे, मी त्यासाठीच इथे राहते. प्रत्येक सादरीकरणात 'लोकसहभाग' हा शब्द असतो. पण ग्रामसभा लेखी तारीख देते तेव्हा ती लिहायला तक्त्यात जागा नसते. लोकांनी हो म्हणावं एवढाच सहभाग आपल्याला हवा असतो.

आजीला भेटून मी माफी मागितली. ती म्हणाली, "तुझ्या हातात नव्हतं." हे मला जास्त लागलं, कारण थोडं तरी होतं. त्या रात्री ठरावाचा फोटो काढून वर पाठवता आला असता. नकार लिहू द्यायला हवा होता आणि त्याला ठराव जोडायला हवा होता. मी शून्याच्या मोहात पडले.

या वर्षी जुलैमध्येच नऊ गावांच्या सारवणाच्या तारखा ग्रामसभांकडून लेखी घेतल्या आणि अर्जासोबत दिल्या. पर्यवेक्षक दादांनी स्वतःहून त्यावर शिफारस लिहिली. फेरीचा कार्यक्रम पुढच्या सोमवारी लागणार आहे. काल बाजारात आजीच्या गावचा मुलगा भेटला, निरोप घेऊन आला होता. बाया रविवारी पांढरी माती आणायला जाणार आहेत, पंप कधी येतोय ते कळवा.