ज्या दिंडीचे टाळ थांबत नाहीत

संध्याकाळी माउलींची पालखी तळावर पोचली की सगळ्या दिंड्या गोलाकार उभ्या राहतात. टाळांच्या गजरात शेजारच्याचंही बोलणं ऐकू येत नाही. चोपदार दंड उंचावतात आणि एका क्षणात सगळं शांत. फक्त ज्या दिंडीची काही तक्रार असेल तिचे टाळ वाजतच राहतात. मग चोपदार तिकडे जातात, म्हणणं ऐकतात, निवाडा करतात. त्यानंतर हरवलं-सापडलंचा पुकारा आणि समाजआरती.

नदीच्या तक्रारीलाही अशीच रीत हवी, म्हणून आमच्या दिंडीच्या ट्रकमध्ये शिध्याच्या पेटीशेजारी एक फाइल असते.

आळंदीत इंद्रायणीचं स्नान करून आम्ही दिवे घाटाची वाट धरतो. नदी दुसऱ्या वाटेने जाते: तुळापूरला भीमेला मिळते, पुढे मुळा-मुठेचं पाणी येतं, उजनीत थांबते, नरसिंहपूरला नीरा मिळते आणि पंढरीत चंद्रभागा होऊन पुन्हा भेटते. आळंदीच्या बंधाऱ्याखाली दिसणारा फेस म्हणूनच एकट्या आळंदीचा प्रश्न नाही. सांडपाण्यातला साबण आणि डिटर्जंट पाण्याबरोबर बंधाऱ्यावरून आदळतात, घुसळले जातात, की फेस धरतो. वाटेतल्या प्रत्येक फ्लेक्सवर झाडांचा अभंग असतो; फ्लेक्स मात्र प्लास्टिकचा.

वारकरी या लढ्यात नवे नाहीत. २००८ मध्ये चाकणजवळ शिंदे-वासुलीत डाऊ केमिकलच्या संशोधन केंद्राला गावकऱ्यांनी विरोध केला, तेव्हा कीर्तनकार बंडातात्या कराडकरांसह वारकरी त्यांच्या बाजूला होते. शेवटी कंपनीला तिथून जावं लागलं. पण एक प्रकल्प हटला म्हणून नियम तयार होत नाही. नदीपासून ठरावीक अंतरात प्रदूषणकारी कारखान्यांना मनाई करणारं नदी नियमन क्षेत्र धोरण राज्याने २००० मध्ये आणलं, २००९ मध्ये बदललं आणि २०१५ मध्ये रद्द केलं. ते धोरण होतं, कायदा नव्हता. म्हणून सभागृहात चर्चा न होताही ते जाऊ शकलं. आमची मागणी म्हणूनच विधिमंडळाने केलेल्या कायद्याची आहे.

मागणीला पुरावा लागतो, आणि नेमकी इथेच गफलत होते. उत्साही मंडळी आषाढीत बाटली भरतात. पाऊस झालेला, नदी वाहती, सगळं पातळ झालेलं. अहवाल बरा येतो आणि समोरचा तोच दाखवतो. आषाढीबरोबर कार्तिकीला आणि मे महिन्यातही नमुना घ्या, दर वेळी त्याच ठिकाणी. बाटली नदीच्याच पाण्याने तीनदा विसळायची (जंतूंच्या तपासणीची निर्जंतुक बाटली मात्र विसळायची नाही), तोंड पाणी येतं त्या बाजूला करून साधारण वीतभर पाण्याखाली भरायची. विरघळलेल्या ऑक्सिजनसाठी काचेची वेगळी बाटली लागते, त्यात एकही बुडबुडा राहता कामा नये. बाकी नमुना बर्फात ठेवून त्याच दिवशी प्रयोगशाळेत. स्नानाच्या पाण्याची मोजपट्टी ठरलेली आहे: बीओडी (पाण्यातली घाण कुजवताना जंतूंना लागणारा ऑक्सिजन) लिटरला ३ मिलिग्रॅमपेक्षा जास्त नको, विरघळलेला ऑक्सिजन ५ पेक्षा कमी नको, विष्ठाजन्य कोलिफॉर्म जंतू १०० मिलिलिटरमध्ये फार तर २,५००.

आपली बाटली फक्त दिशा दाखवते. १९७४ च्या जल कायद्यात कलम २१ प्रमाणे प्रदूषण नियंत्रण मंडळाचा अधिकारी जागेवर नोटीस देऊन नमुन्याचे दोन भाग करतो, दोन्हींवर सील आणि सह्या. खटल्यात तोच नमुना टिकतो. त्यामुळे आपला अहवाल जोडून लेखी मागणी एवढीच करायची की मंडळाने स्वतः नमुना घ्यावा. सोबत माहिती अधिकारात, १० रुपये भरून, नदीत येणाऱ्या नाल्यावरच्या कारखान्यांची आणि मैलाशुद्धीकरण केंद्राची संमतिपत्रं मागवा. संमतिपत्रात रोज किती पाणी सोडायचं आणि कोणत्या दर्जाचं, हे लिहिलेलं असतं. हे आकडे नसलेलं निवेदन म्हणजे नुसता जयघोष.

मंडळ हललं नाही तर कलम ४९ प्रमाणे ६० दिवसांची नोटीस देऊन कोणालाही न्यायालयात तक्रार करता येते. पर्यावरणाचे दावे ऐकणाऱ्या राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाचं पश्चिम विभागाचं पीठ पुण्यात आहे. नुकसानभरपाई मागायची नसेल तर शुल्क १,००० रुपये, पण वादाचं कारण पहिल्यांदा घडल्यापासून सहा महिन्यांत जायला हवं. ही मुदत बैठका घेण्यातच संपते.

कायद्यासाठी दोन कागद. एक, ग्रामसभेचा ठराव. यात बहुतेक गावं गणपूर्तीवर, म्हणजे किमान हजेरीवर, अडकतात, म्हणून हजेरीवहीची प्रत ठरावाला जोडायची. दुसरा, विधानसभेच्या विनंती अर्ज समितीसाठीचा अर्ज. तो आमदारामार्फत जातो, त्यामुळे त्याच्या सहीची सोय आळंदी सोडण्यापूर्वी झालेली बरी. पावसाळी अधिवेशन बऱ्याचदा वारीच्याच दिवसांत पडतं आणि तेव्हा फोन लागत नाहीत.

सह्यांच्या कागदावर नाव, गाव, तालुका आणि सही असे चारच रकाने ठेवा. सह्या दुपारच्या विसाव्याला घ्या, रात्री सगळे दमलेले असतात. आणि जेल पेन नको. दिवे घाटातल्या पहिल्या सरीत अख्खं पान निळं होतं.