विधेयक मंजूर झालं, त्यानंतरचे पंधरा महिने

१३ एप्रिल २०१६ ला रात्री भावाचा पुण्याहून फोन आला, "ताई, बातम्या लाव." सामाजिक बहिष्काराविरुद्धचं विधेयक विधिमंडळात एकमताने मंजूर झालं होतं. बाबा झोपायला गेले होते, ते उठून बाहेर आले आणि बातमीची पट्टी पुन्हा फिरून येईपर्यंत टीव्हीसमोर उभेच राहिले. मग म्हणाले, "आता बघू गावकी काय करते ते." गावकी म्हणजे गावाचे निर्णय घेणारी गावातल्या मंडळींची बैठक.

आमचं घर तोवर दोन वर्षं वाळीत होतं. गाव रायगड जिल्ह्यातलं. नाव लिहीत नाही, कारण आईबाबा तिथेच राहतात. देवळाच्या जीर्णोद्धाराची वर्गणी जमली होती, बाबांनी बैठकीत तिचा हिशेब मागितला. गावकीने सांगितलं, माफी माग आणि दंड भर. बाबांनी दोन्ही नाकारलं. पुढचं कोकणातल्या माणसाला समजावून सांगायला नको. गिरणीवर दळण घेईनात. आईशी बोलताना कुणी दिसलं तर त्यालाही दंड. आजी गेली तेव्हा खांदा द्यायला शेजारच्या तालुक्यातून मामाची माणसं आली. आमच्या आळीतली दारं तेवढा वेळ बंद होती.

बातमीनंतर तिसऱ्या दिवशी मी वर्तमानपत्राचं कात्रण घेऊन पोलीस ठाण्यात गेले. तिथल्या अधिकाऱ्यांनी ते शांतपणे वाचलं आणि परत माझ्या हातात दिलं. "ताई, हे बिल आहे. कायद्याचा नंबर आणा, मग कलम लावतो." त्यांनी नेहमीसारखी अदखलपात्र नोंद घेतली, म्हणजे न्यायालयाच्या आदेशाशिवाय पोलीस तपास करत नाहीत अशी. मी बाहेर येऊन स्टँडवर बसले आणि रडले. संताप त्यांच्यावर होता, पण त्यांचं म्हणणं कायद्याला धरून होतं हे मला पुढच्या आठवड्यात कळलं, आणि ते जास्त लागलं.

समजावलं ते तालुक्याच्या कोर्टातल्या एका वकीलकाकांनी. वकीलपत्राच्या कोऱ्या पाठीवर त्यांनी शिडी काढली. विधेयक आधी पुरःस्थापित होतं, म्हणजे नुसतं सभागृहात मांडलं जातं. मग ते विचारात घेतात, खंडशः म्हणजे एकेक कलम घेऊन चर्चा होते, आणि शेवटी संमत होतं. आपल्याकडे दोन सभागृहं, म्हणून हेच दोनदा. मला वाटत होतं शिडी इथे संपली. काका म्हणाले, "इथे अर्धी झाली." पुढे राज्यपालांची अनुमती. राज्यपाल अनुमती देऊ शकतात, ती रोखून विधेयक फेरविचारासाठी परत पाठवू शकतात, किंवा राष्ट्रपतींसाठी राखून ठेवू शकतात. आमचं विधेयक या शेवटच्या वाटेने दिल्लीला निघालं होतं. फौजदारी कायदा समवर्ती सूचीत येतो, म्हणजे त्यावर केंद्र आणि राज्य दोघंही कायदा करू शकतात. त्या विषयात राज्याची तरतूद केंद्राच्या कायद्याशी विसंगत असली, तर राज्यघटनेच्या कलम २५४ प्रमाणे राष्ट्रपतींची अनुमती मिळाल्यावरच ती त्या राज्यात टिकते. "आणि किती दिवस लागतात?" मी विचारलं. राष्ट्रपतींनी किती दिवसांत निर्णय द्यायचा, हे घटनेत कुठेही लिहिलेलं नाही, एवढंच ते म्हणाले.

त्यांनी आणखी एक गोष्ट सांगितली, तिने माझी झोप उडवली. असा कायदा या भूमीत आधी होऊन गेला होता. मुंबई प्रांताने १९४९ मध्ये बहिष्कृत करण्याला बंदी घालणारा कायदा केला. दाऊदी बोहरा समाजाच्या धर्मगुरूंनी त्याला आव्हान दिलं आणि १९६२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो घटनाबाह्य ठरवला. म्हणजे विधेयक मंजूर होऊन, कायदा होऊन, तेरा वर्षं चालूनही पुसला गेला होता. ज्या दिवशी बाबा टीव्हीसमोर उभे होते, त्या दिवसाला मी फार मोठं समजत होते.

मग माहितीचा अधिकार. अर्जावर दहा रुपयांचं कोर्ट फी स्टॅम्प लावून मंत्रालयात पाठवला. प्रश्न एकच ठेवला: विधेयक आज कोणत्या टप्प्यावर आहे? पहिलं उत्तर आलं की अर्ज कलम ६(३) नुसार दुसऱ्या विभागाकडे वर्ग केला आहे. दुसऱ्या विभागाचं उत्तर एका ओळीचं होतं: राष्ट्रपतींच्या अनुमतीसाठी प्रलंबित. ज्यांना असा अर्ज करायचा असेल त्यांनी "विधेयकाचं काय झालं" असं मोघम विचारू नये. दोन्ही सभागृहांत संमत झाल्याची तारीख, राज्यपालांकडे पाठवल्याची तारीख, राखून ठेवल्याची तारीख, असं तुटक तुटक विचारावं. मोघम प्रश्नाला मोघम उत्तर मिळतं, आणि त्यात तीस दिवस जातात.

त्याच काळात मी एक वही घातली. दोनशे पानी, लांब, दुकानदार खातं लिहितात तशी. प्रत्येक विधेयकाला एक ओळ आणि सहा रकाने: मांडलं, विधानसभा, विधानपरिषद, अनुमती, राजपत्र, अंमल. सुरुवातीला एकच ओळ होती, आमची. पण एकटी ओळ बघत बसणं सोसवेना, म्हणून मी इतरांच्या भरायला लागले. जादूटोणाविरोधी विधेयक २००५ मध्ये विधानसभेत मंजूर झालं आणि विधानपरिषदेत अडकलं. विधानसभेने संमत केलेलं पण परिषदेत पडून असलेलं विधेयक विधानसभा विसर्जित झाली की व्यपगत होतं, म्हणजे आपोआप संपतं, हे मला त्या ओळीने शिकवलं. २० ऑगस्ट २०१३ ला पुण्यात डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा खून झाला, त्यानंतर काही दिवसांतच अध्यादेश निघाला आणि त्या डिसेंबरात नागपूरच्या अधिवेशनात दोन्ही सभागृहांनी विधेयक संमत केलं. ही ओळ लिहिताना माझा हात थांबला होता. गोवंश हत्याबंदीची सुधारणा युतीच्या पहिल्या सरकारच्या काळात संमत झाली, तिला राष्ट्रपतींची अनुमती मिळाली २०१५ मध्ये. वीसेक वर्षं! ती ओळ मी बाबांना दाखवली नाही.

अधूनमधून भाऊ विचारायचा, "काही हललं का?" आणि मी राजपत्राच्या, म्हणजे जिथे सरकार कायदे प्रसिद्ध करतं त्या गॅझेटच्या, संकेतस्थळावर असाधारण भाग उघडून बसायचे. यादी लांबलचक असते, बऱ्याच नोंदी भूसंपादनाच्या आणि निवडणुकांच्या. जुलै २०१७ मध्ये एका संध्याकाळी ते नाव दिसलं: महाराष्ट्र सामाजिक बहिष्कारापासून व्यक्तींचे संरक्षण (प्रतिबंध, बंदी व निवारण) अधिनियम, २०१६. नावात २०१६, कायद्याचा क्रमांक मात्र २०१७ चा. या एका गोष्टीने पुढे बऱ्याच जणांचा घोळ झालेला मी पाहिला. नावातलं साल पाहून लोक २०१६ मधल्या घटनांच्या तक्रारी घेऊन जातात. घटना घडली तेव्हा जो कायदा अमलात नव्हता, त्याखाली कुणाला शिक्षा देता येत नाही. राज्यघटनेच्या कलम २० चं हे संरक्षण आहे आणि ते गावकीलाही लागू आहे. आजीच्या अंत्यविधीचं दुःख त्या कायद्यात बसत नव्हतं. हे आईला सांगणं मला फार जड गेलं.

मी पानं छापली, स्टेपल केली आणि बाबांसोबत बसून वाचली. तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. दंडाची रक्कम पीडिताला देता येते. गुन्हा दखलपात्र आहे, म्हणजे पोलीस थेट गुन्हा नोंदवून तपास करू शकतात, पण जामीनपात्रही. दोषारोपपत्र दाखल झाल्यावर सहा महिन्यांत खटला निकाली काढायचा. पीडिताच्या संमतीने आणि न्यायालयाच्या परवानगीने गुन्हा मिटवताही येतो. बाबांनी ते शेवटचं कलम दोनदा वाचायला लावलं.

२५ ऑगस्टला गणपती बसले. आमच्याकडे जाखडीचं, म्हणजे गणपतीतल्या लोकनाचाचं, पथक घरोघर नाचतं. त्या रात्री ढोलकी आमच्या खालच्या घरात वाजली, मग थांबली, पायऱ्यांवर घुंगरांचा आवाज आला, आमच्या अंगणासमोरून गेला आणि वरच्या घरात पुन्हा ढोलकी सुरू झाली. आईने पथकाला द्यायचा नारळ आणि दक्षिणा ताटात काढून ठेवली होती. दुसऱ्या दिवशी मी त्याच ठाण्यात गेले. या वेळी घटना नवी होती, तारीख नवी होती, आणि हातात राजपत्र होतं. आदल्या रात्री आमच्या घरी जायचं नाही असं देवळात ओरडून सांगितलं गेलं होतं, ते ऐकलेला एक मुलगा साक्ष द्यायला तयार झाला. अधिकारी बदललेले होते. नव्या साहेबांनी क्रमांक स्वतः उतरवून घेतला आणि गुन्हा दाखल केला.

वही मी पुढेही चालू ठेवली. महिला आणि मुलांवरच्या अत्याचारांना कठोर शिक्षा देणाऱ्या शक्ती विधेयकाची ओळ डिसेंबर २०२१ मध्ये दोन्ही सभागृहांच्या रकान्यांपर्यंत भरली. अनुमतीचा रकाना कोरा राहिला, आणि १ जुलै २०२४ ला भारतीय दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता आली, म्हणजे ज्या संहितेत सुधारणा करायची होती तीच गेली. विधेयक मंजूर झालं तेव्हा टीव्हीवर "महाराष्ट्रात कठोर कायदा" असं म्हणणाऱ्यांना कुणी हा कोरा रकाना दाखवायला हवा होता. एखाद्या मुलीच्या आईने ती बातमी माझ्या बाबांसारखीच उभं राहून ऐकली असेल.

आमच्या खटल्यात दोषारोपपत्र दाखल झाल्यावर गावकीकडून निरोप आला, मिटवून टाकू. बाबा तयार होते. आईने अट घातली: बहिष्कार ज्या देवळात ओरडून सांगितला, तिथेच, तेवढ्याच आवाजात मागे घ्यायचा, आणि वर्गणीचा हिशेब वाचून दाखवायचा. पहिली गोष्ट झाली, आम्ही सगळे तिथे बसून ऐकली. हिशेबाचं "पुढच्या बैठकीत" असं ठरलं, म्हणून आईने संमतीच्या कागदावर सही केली नाही. कागद अजून वहीत आहे, आमच्या ओळीच्या पानावर.