लिंकरला फक्त नाव कळते

सर्वेक्षणात मोजलेल्या उंचींचे समायोजन करणारा, सी भाषेत लिहिलेला एक प्रोग्राम मी बरीच वर्षे सांभाळतो आहे. त्यातले गणिताचे जड काम मी कधीच स्वतःच्या अंगावर घेतले नाही. ते लापॅक या फोरट्रान लायब्ररीतील, समीकरणे सोडवणाऱ्या डीपीओएसव्ही नावाच्या सबरुटीनकडे (म्हणजे फंक्शनसारख्या उपप्रोग्रामकडे) सोपवलेले आहे. काही वर्षांपूर्वी माझ्या संगणकावरील जीसीसी हा कंपायलर बदलून नवी आवृत्ती आली, तेव्हा मी लापॅक आणि प्रोग्राम दोन्ही नव्याने कंपाइल केले. एकही वॉर्निंग आली नाही आणि लिंकिंगही, म्हणजे कंपाइल झालेले तुकडे एकमेकांना जोडण्याचे कामही, सुरळीत झाले. मात्र ४१२ बिंदूंच्या जाळ्यासाठी जिथे ४१२ ओळी छापल्या जायला हव्या होत्या, तिथे एकच ओळ छापून प्रोग्राम निमूटपणे संपला, आणि त्या ओळीतली उंचीही चुकीची होती.

सी आणि फोरट्रान एकत्र नांदवणारा माणूस अशा वेळी आधी नेहमीच्या जागा तपासतो, तशा मीही तपासल्या. जीफोरट्रान, म्हणजे जीसीसीमधला फोरट्रान कंपायलर, सबरुटीनचे नाव लहान लिपीत करून त्याच्या शेवटी अंडरस्कोर जोडतो, आणि तो माझ्या सीमधल्या घोषणेत (डिक्लरेशनमध्ये) होता. तो नसता तर लिंकरनेच तक्रार केली असती. फोरट्रानला प्रत्येक गोष्टीची किंमत नव्हे, पत्ता द्यावा लागतो. तोही दिलेला होता. मॅट्रिक्स फोरट्रान स्तंभांनुसार साठवतो आणि सी ओळींनुसार, त्यामुळे सममित मॅट्रिक्सचा फक्त वरचा त्रिकोण सीमध्ये भरला तर फोरट्रानला तो खालचा दिसतो. या चुकीत मी पूर्वी एक अख्खा आठवडा घालवला असल्यामुळे तेव्हापासून दोन्ही त्रिकोण भरतो. थोडक्यात, जिथे जिथे पूर्वी ठेच लागली होती तिथे सर्व ठीक होते.

कंपायलरचे ऑप्टिमायझेशन, म्हणजे कोड वेगवान करण्याची सोय, बंद केले की उत्तर बरोबर येई आणि तिच्या ‘ओ-टू’ पातळीवर बिघडे. त्याहून त्रासदायक म्हणजे, संशयित ठिकाणी मजकूर छापणारा एक प्रिंटएफ घातला की दोष नाहीसा होई. मेमरीतल्या चुका शोधणाऱ्या व्हॅलग्राइंडने काहीच दाखवले नाही, कारण स्टॅकवरील (फंक्शनची चले आणि कॉलची माहिती ठेवण्याच्या मेमरीतील) एका वैध जागेतून शेजारच्या वैध जागेत होणारे अतिक्रमण त्याला अतिक्रमण वाटतच नाही. शेवटी जीडीबी या डीबगरमध्ये बिंदूंची संख्या धरणाऱ्या ‘एन’ या चलावर वॉचपॉइंट, म्हणजे मूल्य बदलताच प्रोग्राम थांबवणारा पहारा, लावला. प्रोग्राम डीपीओएसव्हीच्या आत थांबला आणि जुने मूल्य ४१२, नवे मूल्य १ असे पडद्यावर आले. ज्या सबरुटीनने ‘एन’ केवळ वाचायचा, तिने त्यावर १ लिहिला होता. हा १ आला कुठून, एवढाच प्रश्न उरला.

त्याचे उत्तर फोरट्रानच्या अक्षरमालिकांत दडलेले आहे. फोरट्रानमधील अक्षरमालिकेच्या शेवटी सीसारखा शून्य नसतो. तिची लांबी कंपायलर एका अदृश्य आर्ग्युमेंटच्या (कॉल करताना दिल्या जाणाऱ्या मूल्याच्या) रूपाने, सर्व दृश्य आर्ग्युमेंट्सच्या मागे जोडून पाठवतो. डीपीओएसव्हीचे पहिले आर्ग्युमेंट ‘यू’ किंवा ‘एल’ असे एकच अक्षर असते, पण नियमाप्रमाणे त्या एका अक्षराचीही लांबी पाठवली पाहिजे. सीमधून कॉल करणाऱ्या असंख्य लोकांनी ती कधीच पाठवली नाही, आणि त्यांत मीही होतो. लापॅकला ती लांबी लागतच नसल्यामुळे कुणाचे काही बिघडलेही नाही.

आता आर्ग्युमेंट्स मोजू. डीपीओएसव्हीला दृश्य आर्ग्युमेंट्स आठ. लिनक्सच्या ६४ बिटी इंटेल रचनेत पहिली सहा रजिस्टरांतून (प्रोसेसरमधल्याच साठवणीच्या जागांतून) जातात आणि उरलेली दोन स्टॅकवर ठेवली जातात. अदृश्य लांबीची जागा स्टॅकवर तिसरी. मी ती पाठवत नसल्यामुळे माझ्या सी कंपायलरने दोनच जागा राखल्या आणि तिसऱ्या जागी माझा ‘एन’ बसवला. इकडे डीपीओएसव्ही शेवटी लापॅकमधल्याच डीपीओटीआरएस या सबरुटीनला कॉल करते, आणि योगायोगाने तिचीही आर्ग्युमेंट्स तितकीच व त्याच क्रमाने आहेत. म्हणून नव्या कंपायलरने वेगळा कॉल न करता स्टॅकवरच्या त्याच जागा पुन्हा वापरून थेट उडी मारली, आणि उडीपूर्वी लांबीच्या जागी १ लिहून ठेवला. ती जागा आपल्याला मिळालेलीच आहे अशी त्याची समजूत होती, आणि नियमाने ती बरोबरच होती. डीपीओटीआरएसने मग ‘एन’ वाचला तो १, आणि एका अज्ञाताचे समीकरण इमानाने सोडवून दिले.

हाच प्रकार २०१९ मध्ये आर या सांख्यिकी भाषेच्या निमित्ताने पुष्कळ गाजला. जुने, लाखो ठिकाणी चालणारे कोड मोडले म्हणून कंपायलरवर टीका झाली. पुढे जीसीसीमध्ये अशा कोडला सांभाळून घेणारा एक पर्यायही घालण्यात आला. माझे मत मात्र कंपायलरच्या बाजूने आहे. चूक कॉल करणाऱ्याची होती आणि ती उघड व्हायला एवढी वर्षे लागली, याचे कारण लिंकर फक्त नावे जुळवतो. आर्ग्युमेंट्स किती आणि कोणत्या प्रकारची, याच्याशी त्याला देणेघेणे नसते.

तातडीचा उपाय म्हणून मी लापॅक कंपाइल करताना ती उडी बंद ठेवणारा, ‘एफ-नो-ऑप्टिमाइझ-सिब्लिंग-कॉल्स’ हा पर्याय दिला आणि उत्तरे परत आली. त्यानंतर नीट काम हाती घेतले. जीफोरट्रानच्या ९ व्या आवृत्तीपासून ‘एफ-सी-प्रोटोटाइप्स-एक्स्टर्नल’ हा पर्याय फोरट्रानच्या फाइलवरून सीच्या घोषणा छापून देतो. डीपीओएसव्हीसाठी छापलेल्या ओळीच्या शेवटी माझ्या हेडरमध्ये (घोषणांच्या फाइलमध्ये) कधीच नसलेले ते लांबीचे आर्ग्युमेंट स्पष्ट दिसत होते. त्याचा प्रकार साइझ-टी हा सीमधला पूर्णांक प्रकार आहे. ८ व्या आवृत्तीपूर्वी तो इंट हा दुसरा पूर्णांक प्रकार होता, म्हणून जुने हेडर डोळे मिटून उचलणे इथेही धोक्याचे. नवे कोड मी लिहितो तेव्हा फोरट्रान २००३ मधील, सीशी जोडणी ठरवून देणारी बाइंड-सी ही सोय वापरतो, पण लापॅक त्याच्या आधीपासूनचे असल्यामुळे तिथे हाताने घोषणा लिहिण्यावाचून गत्यंतर नव्हते.

घोषणा दुरुस्त करताना लापॅकमधलीच डीजीईटीआरएस ही सबरुटीन समोर आली. तिलाही मी लांबी कधी पाठवली नव्हती. तिची दृश्य आर्ग्युमेंट्स नऊ, म्हणजे स्टॅकवर तीन. पण स्टॅक १६ बाइटांच्या पटीत ठेवायचा असल्यामुळे कंपायलर चौथी जागा रिकामी सोडतो, आणि अदृश्य लांबीची जागा नेमकी तीच. तिथे कुणी काही लिहिले असते तरी मला पत्ता लागला नसता.