लाईट आली, पण स्कोप उठला नाही

सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एखाद्या ड्राइव्ह-दुरुस्तीच्या टेबलावरचा ऑसिलोस्कोप (विजेच्या लाटा पडद्यावर दाखवणारं यंत्र, थोडक्यात स्कोप) महिनोन्‌महिने बंदच होत नाही. मग एका दुपारी लाईट जाते, अर्ध्या तासाने येते, पंखे-दिवे सगळे लागतात आणि स्कोप मात्र ढिम्म. ‘व्होल्टेज जास्त आलं, बोर्ड उडाला’ असा निकाल तिथल्या तिथे लागतो. फ्यूज शाबूत असेल तर हा निकाल बहुधा चुकीचा. स्कोपच्या आतल्या पॉवर सप्लायमधला सुरुवात करून देणारा भाग कधीच खलास झालेला असतो. चालू सप्लायला त्याची गरज पडत नाही, म्हणून कुणाला पत्ता लागत नाही.

यूसी३८४२ या आयसीवर चालणारा सप्लाय घेऊ. जुन्या-मध्यम वयाच्या उपकरणांत तो किंवा त्याचे भाऊबंद भरपूर सापडतात. २३० व्होल्ट एसी ब्रिजमधून (एसीचं डीसी करणारे चार डायोड) गेल्यावर मोठ्या कॅपॅसिटरवर सुमारे ३२५ व्होल्ट डीसी जमतात. तिथून शेकडो किलोओहमचा एक रेझिस्टर (बऱ्याचदा दोन सिरीजमध्ये) आयसीच्या ७ नंबर पिनवरच्या छोट्या कॅपॅसिटरला हळूहळू भरतो. १६ व्होल्टला आयसी जागा होतो आणि लगेच १०-१५ मिलीअँपिअर ओढू लागतो. रेझिस्टरमधून येतो जेमतेम एक. म्हणजे ट्रान्सफॉर्मरचं ऑक्झिलरी वाइंडिंग (चालू झाल्यावर आयसीला वीज पुरवणारी जादा गुंडाळी) काम हातात घेईपर्यंत सगळा भार त्या छोट्या कॅपॅसिटरवर. व्होल्टेज १० च्या खाली गेलं की आयसी पुन्हा झोपतो.

आता हिशेब बघा. कॅपॅसिटर ४७ मायक्रोफॅरडचा आणि ओढ १५ मिलीअँपिअरची धरली, तर १६ वरून १० वर यायला सुमारे १९ मिलीसेकंद लागतात. तोच वाळून ५ मायक्रोफॅरडवर आला तर फक्त २ मिलीसेकंद. तेवढ्यात वाइंडिंग तयार होत नाही. आयसी उठतो, पडतो, पुन्हा उठतो. कान लावलात तर बारीक टिक-टिक ऐकू येते.

आणि हा कॅपॅसिटर का वाळतो, तर बहुतेक बोर्डांवर तो हीटसिंकला चिकटून बसवलेला असतो. १०५ अंशाला २००० तास आयुष्य लिहिलेला कॅपॅसिटर दर १० अंश कमी तापमानाला साधारण दुप्पट टिकतो. ६५ अंशाला ३२ हजार तास, ७५ ला १६ हजार. अखंड चालणाऱ्या उपकरणात १६ हजार तास म्हणजे दोन वर्षंही नाहीत. सोलापूरच्या मे महिन्यात खोलीतच ४० च्या वर पारा, त्यात यंत्रमागाचा कारखाना शेजारी असेल तर कापसाचं तूस पंख्याच्या जाळीवर नमद्यासारखं बसतं. मग पेटीतलं तापमान ७५ वर जायला वेळ लागत नाही. हे तूस पावसाळ्यात ओलही धरतं, म्हणून प्राथमिक (मेनच्या व्होल्टेजला जोडलेल्या) बाजूवरून ते ब्रशने काढून टाका. ब्लोअर मारायचाच असेल तर पंख्याचं पातं बोटाने धरून.

झाकण काढल्यावर पहिलं काम मोठ्या कॅपॅसिटरचं. स्विचिंग (सप्लायचं वेगाने चालू-बंद होणं) थांबलेलं असलं तर त्याला रिकामं व्हायला धड वाट उरत नाही. प्लग काढल्यावरही ३०० व्होल्ट बराच वेळ तसेच बसून राहतात. फ्यूज चांगला आणि सप्लाय मेलेला, ही सगळ्यात धोक्याची जोडी. १० किलोओहम ५ वॉटचा रेझिस्टर, इन्सुलेटेड पकडीने, दोन्ही टोकांवर धरा. १०० मायक्रोफॅरड असेल तर पाच सेकंदांत २-३ व्होल्टवर येतो. मीटरने खात्री करा. स्क्रूड्रायव्हरने ठिणगी पाडणारे वीर पुष्कळ आहेत, त्यांच्या नादी लागू नका. जुना ट्यूबवाला स्कोप, म्हणजे सीआरओ, असेल तर ट्यूबच्या मागच्या बाजूला हजार-दोन हजार व्होल्ट असतात, तिकडे हातच नको.

मग फ्यूज. काच काळी झाली असेल तर मोठा शॉर्ट आहे: मॉस्फेट (स्विचिंग करणारा ट्रान्झिस्टर; त्याचे पाय ड्रेन, सोर्स आणि गेट), ब्रिज, व्हॅरिस्टर (जादा व्होल्टेज अडवणारा भाग). मॉस्फेट गेला असेल तर एकटा जात नाही. सोर्समधला अर्ध्या-एक ओहमचा सेन्स रेझिस्टर, गेटचा रेझिस्टर आणि बऱ्याचदा आयसीही घेऊन जातो, कारण ड्रेनचे ३२५ व्होल्ट गेटमधून मागे येतात. सगळे एकदम बदला. नुसता मॉस्फेट बदलून लाईट दिलीत की दुसराही गेला म्हणून समजा. फ्यूज लिहिलेल्या रेटिंगचाच आणि ‘टी’ असेल तर ‘टी’च, म्हणजे सावकाश उडणारा.

पहिल्यांदा लाईट देताना ६० वॉटचा पिवळा दिवा सिरीजला लावा. एलईडी बल्ब चालत नाही. दिवा क्षणभर लखकन पेटून मंदावला तर शॉर्ट नाही. तसाच पेटलेला राहिला तर बंद करा.

आता मीटरची काळी पिन मोठ्या कॅपॅसिटरच्या निगेटिव्हला. चॅसीला नाही, तो दुय्यम बाजूचा (ट्रान्सफॉर्मरपलीकडच्या कमी व्होल्टेजच्या भागाचा) ग्राउंड. आणि दुसऱ्या स्कोपची ग्राउंड क्लिप इथे मुळीच लावू नका. ती अर्थिंगला जोडलेली असते, लावताच भडका. ७ नंबर पिनवर काय दिसतं त्यावर पुढचं ठरतं. शून्य असेल तर सुरुवातीचा रेझिस्टर ओपन, किंवा ती लाईन कुठेतरी शॉर्ट. ६-८ व्होल्टवर अडकलं असेल तर कॅपॅसिटर लीक किंवा आयसी आतून गळतोय. १० ते १६ मध्ये झोके घेत असेल तर तोच वाळलेला कॅपॅसिटर, ऑक्झिलरी वाइंडिंगचा ओपन डायोड किंवा दुय्यम बाजूला शॉर्ट.

रेझिस्टर बोर्डावरच मोजता येतो, मोठा कॅपॅसिटर रिकामा केल्यावर. शेजारच्या वाटांमुळे आकडा कमी दिसू शकतो. जास्त मात्र दिसायला नको. १५० किलोओहमच्या जागी ९०० दिसले आणि आकडा स्थिर झाला की तो काढायचाच. कॅपॅसिटरसाठी ईएसआर (कॅपॅसिटरचा आतला सिरीज रोध) मोजणारं मीटर हवं. साध्या मीटरच्या मायक्रोफॅरड रेंजवर बरेच खराब कॅपॅसिटर पास होतात. मीटर नसेल तर हेअर ड्रायरने तो कॅपॅसिटर मिनिटभर गरम करा. सप्लाय उठला तर चोर सापडला. ‘जानेवारीत सकाळी लागत नाही, दुपारी लागतो’ ही तक्रारही त्याचीच.

आयसीवर संशय असेल तर मेन प्लग काढून, मोठा कॅपॅसिटर रिकामा करून, ७ आणि ५ नंबर पिनला बाहेरून १७ व्होल्ट द्या, करंट लिमिट ५० मिलीअँपिअर. ८ नंबरवर ५ व्होल्ट आणि ४ नंबरवर करवतीसारखी लाट दिसली की आयसी जिवंत. या अवस्थेत मेन नसल्याने स्कोप बिनधास्त लावा.

दुय्यम बाजूला ५ आणि अधिक-उणे १२ व्होल्टच्या रेलपासून (पुरवठ्याच्या लाईनपासून) ग्राउंडपर्यंत ओहम मोजा. एक-दोन ओहम दिसले तर शॉटकी डायोड किंवा टॅन्टॅलम कॅपॅसिटर शॉर्ट. जुन्या बोर्डांत टॅन्टॅलम शॉर्ट होण्यात पटाईत. सप्लाय वेगळा काढून तपासताना ५ व्होल्टवर ५ ओहम १० वॉटचा रेझिस्टर लावा. बिनलोड सप्लाय भलतंच व्होल्टेज दाखवतात.

नवा कॅपॅसिटर ४७ मायक्रोफॅरड, ५० व्होल्ट, १०५ अंश, लो ईएसआर. जागा असेल तर पाय थोडे लांब ठेवून स्लीव्ह घाला आणि हीटसिंकपासून बाजूला झुकवा. आता सिरीजचा दिवा काढून दहा वेळा चालू-बंद करून बघा, मध्ये अर्धं मिनिट सोडून. शेवटी रात्रभर बंद ठेवा. सकाळी पहिल्या बटणाला उठला की मगच झाकणाचे स्क्रू आवळा.