खाली केलेल्या गाडीचे स्टिअरिंग: दोष शोधण्याचा माझा अनुभव

2019 साली मी कोल्हापुरातून 2008 ची पेट्रोल स्विफ्ट विकत घेतली, तेव्हा आधीच्या मालकाने ती जमिनीच्या जवळ आणण्यासाठी पुढून-मागून खाली करून ठेवलेली होती. या पिढीच्या स्विफ्टचा कारखान्यातला ग्राउंड क्लिअरन्स 170 मिलिमीटर असतो. माझ्या गाडीखाली पुढच्या बाजूस टेप लावला तेव्हा तो जेमतेम 120 भरला. गाडी दिसायला देखणी होती, इंजिन निकोप होते आणि गावातल्या गावात चालवून पाहताना काही वावगे जाणवले नव्हते. कोल्हापूरहून पुण्याला परतताना साताऱ्याच्या पुढे आलो, खंबाटकीचा बोगदा संपला आणि उतारावरच्या त्या कुप्रसिद्ध वळणावर डाव्या चाकाखाली डांबराचा एक उंचवटा आला. स्टिअरिंग मी सरळ धरलेले असतानाही गाडी क्षणभर डावीकडे सरकली आणि मग परत आली. त्या एका क्षणाने पुढचे चार महिने माझ्या रविवारांचा ताबा घेतला.

धनकवडीहून कात्रजचा जुना घाट चढून शिंदेवाडीपर्यंत जायचे आणि परतायचे, हा मी चाचणीचा रस्ता ठरवला. पहाटे तिथे वर्दळ कमी असते आणि दोन्ही हातांची वळणे भरपूर मिळतात. पहिल्या तीन फेऱ्यांतच तक्रारी स्पष्ट झाल्या. उजवे वळण घेऊन हात सैल सोडला, की स्टिअरिंग पूर्ण मध्यावर न येता थोडे उजवीकडेच थांबत असे, आणि डाव्या वळणानंतर डावीकडे. रस्त्याच्या डाव्या कडेच्या खडबडीत पट्ट्यात गाडी डावीकडे धाव घेई. जोरात ब्रेक लावला की नाक खाली जाई आणि गाडी डुलल्यासारखी दोन्हीकडे हुंगत चाले. लांब वळणात सुरुवातीला गाडी ऐकत असे, पण मध्यावर आल्यावर अचानक बाहेर जाऊ लागे. त्यातच पुढच्या दोन्ही टायरांची आतली कड हाताला करवतीसारखी लागू लागली होती.

मी जे सर्वांनी केले असते तेच आधी केले. व्हील अलाइनमेंट करून घेतले. दोन वेगवेगळ्या ठिकाणी, तीन आठवड्यांच्या अंतराने. दोन्ही वेळा टोचे (वरून पाहता चाके आत-बाहेर किती वळली आहेत, त्या कोनाचे) आकडे हिरव्या रंगात छापलेला कागद मिळाला, आणि दोन्ही वेळा गाडी जशीच्या तशी होती. कॅम्बर (समोरून पाहता चाकाचा कल) लाल दिसत होता, पण या गाडीत पुढे कारखान्याने दिलेली खरी ॲडजस्टमेंट टोचीच असल्यामुळे "गाडी खाली आहे, एवढं चालायचंच" असे सांगण्यात आले. त्या कागदाला मी दोष देत नाही. तो उभ्या गाडीचे माप सांगतो, आणि माझी प्रत्येक तक्रार चाक वर-खाली होताना किंवा फिरताना निर्माण होत होती. हे लक्षात आल्यावर मी एक वही केली आणि ठरवले की एका वेळी एकच लक्षण घ्यायचे, एकच गोष्ट बदलायची आणि त्याच घाटात, तितक्याच हवेवर फेरी मारून निकाल लिहायचा.

साध्या गोष्टी लवकर उरकल्या. चारही टायरांत हवा सारखी केली. पुढचे टायर डाव्या-उजव्या बाजूंनी अदलाबदल करून पाहिले. ओढ त्याच बाजूला राहिली, म्हणजे ती टायरमुळे नव्हती. गाडी जॅकवर घेऊन चाक घड्याळातल्या नऊ आणि तीनच्या जागी धरून हलवले, तेव्हा डाव्या टाय रॉड एंडमध्ये (स्टिअरिंगपासून चाकाकडे जाणाऱ्या दांड्याच्या टोकाच्या सांध्यात) किंचित पोकळी जाणवली. बारा आणि सहाच्या जागी धरून हलवले तेव्हा बॉल जॉइंट घट्ट निघाले. टाय रॉड एंड बदलला. ब्रेकवरची अस्वस्थता थोडी कमी झाली, बाकी काहीच बदलले नाही. कॅम्बर मी गवंड्याच्या ओळंब्याने मोजला: रिमच्या वरच्या आणि खालच्या कडेपासून दोरीपर्यंतच्या अंतरात 12 मिलिमीटरांचा फरक होता, आणि माझ्या रिमची बाहेरची कड साधारण 380 मिलिमीटरांची असल्यामुळे तो उणे 1.8 अंश होतो, म्हणजे चाकाचा माथा तेवढा आत कललेला. उभ्या गाडीचे हे माप यंत्राच्या कागदाशी जुळले. म्हणजे यंत्रे खोटे बोलत नव्हती, हे एक बरे झाले.

स्टिअरिंग मध्यावर न येण्याचा उलगडा मात्र हाताने झाला. गाडी चाकांवरच उभी ठेवून, इंजिन चालू करून, धाकट्या भावाला स्टिअरिंगवर बसवले आणि मी मडगार्डाखालून हात घालून पुढच्या उजव्या स्प्रिंगवर हलकेच बोटे टेकवली. भावाने स्टिअरिंग सावकाश फिरवले. स्ट्रटसोबत (स्प्रिंग आणि शॉक ॲब्सॉर्बर एकत्र असलेल्या पुढच्या चाकाच्या उभ्या खांबासोबत) स्प्रिंगने सलग फिरायला हवे होते. त्याऐवजी ते पीळ भरत गेले, जागीच थांबले आणि मग एकदम "टंग" असा आवाज करून बोटांखालून उडाले. गाडीत बसलेल्या भावालाही ते कळले: "दादा, स्टिअरिंगमध्ये काहीतरी सुटल्यासारखं झालं." डाव्या बाजूला तोच प्रकार, फक्त आवाज कमी. स्ट्रटच्या माथ्यावरचे माउंट बेअरिंग जाम झाले की स्प्रिंगच पिळाच्या दोरीसारखे काम करते. वळण संपले तरी त्यात उरलेला पीळ चाकाला शेवटच्या वळणाकडेच धरून ठेवतो. इलेक्ट्रिक पॉवर स्टिअरिंगची मोटर हा अडथळा दाबून टाकते, म्हणून उभ्या गाडीत स्टिअरिंग हलकेच वाटत राहते आणि दोष लपतो. हे करून पाहणाऱ्याने दोन्ही हात नव्हे, बोटांची टोकेच लावावीत आणि वेटोळ्यांच्या मध्ये बोट कधीही घालू नये. स्प्रिंग उडते तेव्हा त्यात मोठा जोर असतो.

आमच्या भागातल्या एका मिस्त्रीकाकांनी स्ट्रट उतरवले तेव्हा खरा प्रकार बाहेर आला. स्प्रिंगा गाडी खाली करण्यासाठी बनवलेल्या नव्हत्याच. मूळ स्प्रिंगा ग्राइंडरने कापल्या होत्या. स्प्रिंगचे टोक ज्या खाचेत बसावे तिथे कापलेले टोक तिरपे टेकले होते आणि त्याने खालच्या तबकडीवर चकचकीत ओरखडा पाडला होता. डावी उजवीपेक्षा जास्त कापली गेल्यामुळे चाकाच्या केंद्रापासून मडगार्डाच्या कडेपर्यंतच्या उंचीत 9 मिलिमीटरांचा फरक होता. स्प्रिंग कापली की ती मऊ होते अशी पुष्कळांची समजूत असते, ती उलटी आहे. ताठरपणा काम करणाऱ्या वेटोळ्यांच्या व्यस्त प्रमाणात असतो, त्यामुळे सहा वेटोळ्यांतून दीड कापले तर स्प्रिंग एक तृतीयांशाने अधिक ताठ होते. फक्त तिला दबायला जागा उरत नाही. माझ्या गाडीत स्ट्रट आणि बंप रबर (स्ट्रट पूर्ण दबल्यावर धक्का झेलणारा रबराचा ठोकळा) यांच्यामध्ये 15 मिलिमीटर उरले होते. ऑफिसजवळच्या गतिरोधकावर येणारा "धाड" हा आवाज मी गाडीचे पोट टेकल्याचा समजत होतो. तो गतिरोधक टेपने मोजला, तर तो इंडियन रोड्स काँग्रेसच्या मापाच्या जवळपास निघाला: 10 सेंटीमीटर उंच आणि 3.7 मीटर रुंद, म्हणजे 17 मीटर त्रिज्येची कमान. 2390 मिलिमीटर व्हीलबेसची गाडी त्यावर दोन्ही आसांनी उभी राहिली, तर मध्यभागी ती कमान चाकांच्या रेषेच्या फक्त 42 मिलिमीटर वर येते. पोट टेकणे शक्यच नव्हते. आवाज बंप रबरचा होता. घाटात वळणाच्या मध्यावर गाडी अचानक बाहेर का जाते, त्याचे उत्तरही तिथेच मिळाले: बाहेरचे चाक रबरावर टेकले की सस्पेन्शन एकाएकी दगडासारखे होते आणि त्या टायरची पकड सुटते.

काका लोअर आर्मचे (चाकाला खालून धरणाऱ्या आडव्या दांड्याचे) बुश, म्हणजे त्याच्या सांध्यातली रबरे, तपासत असताना आणखी एक गोष्ट दाखवून गेले. रबराच्या बुशची आतली नळी बोल्टने घट्ट होते आणि आर्म वर-खाली होताना रबरच पीळ खाते. गाडी लिफ्टवर लटकत असताना हे बोल्ट आवळले, तर गाडी जमिनीवर आल्याबरोबर रबर पिळलेलेच राहते, आणि खाली केलेल्या गाडीत हा पीळ आणखी वाढतो. माझ्या गाडीत डावा बुश त्यामुळेच गोलाकार फाटला होता. काका म्हणाले, "दादा, बोल्ट आवळायचा तर गाडी स्वतःच्या पायावर उभी हवी." हे वाक्य मी वहीत जसेच्या तसे लिहून ठेवले.

डावीकडे धाव घेण्याचे मूळ अजून हाती लागले नव्हते आणि मला ते अंदाजाने सोडायचे नव्हते. स्प्रिंगा निघालेल्याच होत्या, तेव्हा काकांच्या परवानगीने एक अख्खा रविवार मोजमापासाठी मागून घेतला. स्ट्रट स्प्रिंगशिवाय परत बसवला, गाडी चार स्टँडवर ठेवली, स्टिअरिंग मध्यावर धरून सीटला दोरीने बांधले. हबला चाकाऐवजी प्लायवूडची सरळ फळी नटांनी घट्ट केली, तिच्यावर 380 मिलिमीटर अंतरावर पुढे-मागे दोन खुणा केल्या, आणि गाडीला समांतर ताणलेल्या दोरीपासून त्या दोन खुणांची अंतरे घेत, जॅकने हब दहा-दहा मिलिमीटर उचलत गेलो. कारखान्याच्या उंचीपासून 40 मिलिमीटर वर नेईपर्यंत पुढच्या आणि मागच्या खुणेतला फरक जेमतेम 1 मिलिमीटर बदलला. खाली केलेल्या उंचीपासून तेवढेच वर नेले, तेव्हा तो साडेतीन मिलिमीटर बदलला, आणि तोही टो-आउटच्या दिशेने. म्हणजे स्टिअरिंगला कोणी हात न लावता चाक अर्धा अंश बाहेर वळत होते. खात्रीसाठी मी सगळी मापे दुसऱ्यांदा घेतली. आकडे अर्ध्या मिलिमीटरच्या आत जुळले.

यालाच बंप स्टिअर म्हणतात. लोअर आर्मचे बाहेरचे टोक एका कमानीवर फिरते आणि टाय रॉडचे बाहेरचे टोक दुसऱ्या. मूळ उंचीच्या आसपास या दोन कमानी एकमेकींशी जुळतील अशीच रचना केलेली असते. गाडी खाली केली की दोन्ही दांडे बाहेरच्या टोकाला वर चढलेले राहतात, कमानींची जुळणी सुटते आणि चाक वर गेल्याबरोबर टाय रॉड स्टिअरिंगचे काम परस्पर करू लागतो. आता वहीतली लक्षणे एकामागून एक जागेवर बसली. डावे चाक उंचवट्यावर चढले की ते डावीकडे वळते आणि गाडी डावीकडे जाते. ब्रेकवर दोन्ही चाके वर येतात, दोन्ही बाहेर पाहू लागतात, आणि गाडीला सरळ दिशा उरत नाही. आणि दिवसभर असे बाहेर पाहत घासलेले टायर, उणे कॅम्बरच्या साथीने, आतल्या कडेला करवत होतात. उभ्या गाडीत टो कितीही अचूक लावला, तरी यातले काहीच जाणार नव्हते. माझ्या गाडीसारख्या मॅकफर्सन स्ट्रटच्या गाडीत लोअर आर्म वर चढला की रोल सेंटरही (वळणात गाडी ज्या बिंदूभोवती झुकते तो) गाडीच्या गुरुत्वमध्यापेक्षा अधिक खाली उतरतो, त्यामुळे खाली केलेली गाडी वळणात कमी झुकेल हा हिशेबही पूर्ण खरा नसतो. हे मला त्या दिवशी आकृती काढताना कळले.

टाय रॉडचे टोक खाली सरकवणारे सुटे भाग मिळतात आणि बेतानेच खाली आणणाऱ्या तयार स्प्रिंगाही मिळतात. मी दोन्हींचा विचार केला. 1988 च्या मोटार वाहन कायद्याचे कलम 52 उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत होईल अशा बदलांना मनाई करते आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2019 मध्ये तेच ठामपणे सांगितले आहे, हे एक कारण झाले. माझ्या लेखी मोठे कारण ते मोजमाप होते. ज्या उंचीवर चाक 40 मिलिमीटर चढूनही सरळ पाहते, ती उंची सोडून दुसरी निवडावी असे मला वाटेना.

चारही स्प्रिंगा मूळ मापाच्या नव्या घेतल्या. पुढचे स्ट्रट वारंवार तळाला आदळून गळू लागले होते, म्हणून तेही बदलले. माउंट बेअरिंग, बंप रबर आणि लोअर आर्मचे बुश नवे बसवले. मागे टॉर्शन बीम (दोन्ही चाकांना जोडणारी एकच आडवी तुळई) आहे, तिथे टो किंवा कॅम्बर लावायला बोल्टच नाही, त्यामुळे उंची परत आणणे एवढेच काम होते. बुशचे बोल्ट आधी हातानेच लावून गाडी जमिनीवर घेतली, पुढून-मागून दाबून चार वेळा हलवली, दोन मीटर पुढे-मागे ढकलली आणि मग काकांनी खड्ड्यात उतरून ते टॉर्क पान्याने आवळले. टोचे अलाइनमेंट सर्वांत शेवटी केले. पूर्वीच्या दोन्ही वेळी ते मी सर्वांत आधी केले होते.

पुढच्या रविवारी पहाटे कात्रजच्या जुन्या बोगद्याकडे चढताना पहिल्याच उजव्या वळणानंतर मी हात सैल केला, आणि स्टिअरिंग तळहाताखालून घसरत मध्यावर येऊन थांबले. शिंदेवाडीच्या उतारावर डाव्या कडेचा तोच खडबडीत पट्टा मुद्दाम घेतला. गाडी हादरली, पण वाट सोडली नाही. जोरात ब्रेक लावून पाहिला, तेव्हाही ती सरळच थांबली. लांब वळणात गाडी आता आधीपेक्षा जास्त झुकते, आणि ते झुकणे सावकाश, कळत-कळत येते.

पुढचे दोन टायर नवे घेतले होते. 3000 किलोमीटरनंतर डाव्या टायरची खोली आतून, मधून आणि बाहेरून मोजली: 7.1, 7.2 आणि 7.1 मिलिमीटर. उजवीकडे 7.1, 7.2, 7.2. मडगार्डाच्या चारही उंच्या बॉनेटच्या आतल्या बाजूस पेंटच्या पेनाने लिहून ठेवल्या आहेत, आणि दर सहा महिन्यांनी टेप घेऊन त्या पडताळून पाहतो.