फेन्रिरला बांधलं तेव्हा सगळे हसले, एक टीर सोडून

नॉर्स म्हणजे जुन्या स्कँडिनेव्हियातल्या पुराणकथा म्हटलं की लोकांना हातोडावाला थॉर आठवतो, फार तर लोकी. मला विचाराल तर त्या सगळ्या देवांमधे मनाला लागून राहतो तो टीर. त्याच्या गोष्टी मोजक्याच उरल्यात, पण लांडग्याची एक गोष्ट पुरेशी आहे.

फेन्रिर हा लांडगा, लोकी आणि अंगरबोडा नावाच्या राक्षसिणीचा मुलगा; एक साप आणि हेल ही त्याची भावंडं. भविष्यवाणी झाली की ही पोरं देवांच्या मुळावर येणार, मग सापाला समुद्रात फेकलं, हेलला पाताळात धाडलं आणि लांडग्याला मात्र घरीच वाढवलं. त्याच्या जवळ जाऊन त्याला खायला घालायची हिंमत फक्त टीरची. पिल्लू दिवसेंदिवस वाढायला लागलं तशी देवांची तंतरली. ताकदीची परीक्षा म्हणून दोन बेड्या घातल्या, लेडिंग आणि ड्रोमी, दोन्ही त्याने तोडल्या. मग बुटक्यांकडून ग्लाइप्निर नावाचं बंधन करून आणलं, कशापासून तर: मांजराच्या पावलांचा आवाज, बाईची दाढी, डोंगराची मुळं, अस्वलाचे स्नायू, माशाचा श्वास आणि पक्ष्याची थुंकी. दिसायला नुसती रेशमी फीत!

फेन्रिर काही बावळट नव्हता. तो म्हणाला, एवढीशी फीत तोडून मला काय नाव मिळणार, आणि यात काही काळंबेरं असेल तर मी ती अंगाला लावून घेणार नाही. देव म्हणाले, नाही तुटली तर आम्ही सोडू की. मग तुमच्यापैकी एकाचा हात तारण म्हणून माझ्या तोंडात ठेवा, तो म्हणाला. सगळे एकमेकांकडे बघत बसले आणि टीरने उजवा हात पुढे केला.

फीत तुटली नाही, जितकी धडपड तितकी ती घट्ट. स्नॉरी स्टर्लुसनने 1220 च्या सुमारास आइसलँडमधे हे सगळं लिहून ठेवलं, त्यात तो इतकंच म्हणतो की तेव्हा सगळे हसले, टीर सोडून, त्याचा हात गेला. या वाक्याशी मी दरवेळी थांबते. केसाने गळा कापला सगळ्यांनी मिळून आणि किंमत मोजली एकट्याने, तीही ज्याने त्या लांडग्याला हाताने भरवलं होतं त्याने. टीर निर्दोष होता असं मी म्हणत नाही, खोट्या शब्दाला त्यानेच तर हात तारण ठेवला, पण शब्द मोडला की तारण जातं हे त्याला माहीत होतं आणि तरी त्याने हात मागे घेतला नाही.

पुढे एका भोजनात लोकी त्याला त्या हातावरून टोमणा मारतो, तेव्हा टीर म्हणतो माझा हात गेला, तुझा लांडगा गेला, दोघांचंही वाईटच झालं. किती सरळ उत्तर आहे हे! शत्रूच्या बापाला तो सांगतोय की तुझंही दुःख आहे. बाकी कुठल्या देवाला हे सुचलं असतं?

आणि मारला का नाही लांडगा? तर पवित्र जागा त्याच्या रक्ताने विटाळायला नको म्हणून. फसवणुकीने मात्र त्या जागा विटाळल्या नाहीत म्हणे. मग रॅग्नारोकला, म्हणजे जगाच्या शेवटच्या युद्धात, तो सुटतो, देवांचा प्रमुख ओडिन याला गिळतो, आणि ओडिनचा मुलगा विदार त्याच्या खालच्या जबड्यावर पाय देऊन वरचा जबडा फाडतो. टीर तेव्हा वेगळ्याच कुत्र्याशी, गार्मशी, लढत असतो आणि दोघंही मरतात. फेन्रिरची आणि त्याची पुन्हा गाठ पडतच नाही.