रिसेप्शनची गाणी आणि माझी १४० गाण्यांची लिस्ट

ताईच्या लग्नात मला कोणी विचारलंच नाही, डायरेक्ट सांगून टाकलं की रिसेप्शनची गाणी तू बघ, तुला त्यातलं कळतं. मला त्यातलं काय कळत होतं तर मी दिवसभर कानात इयरफोन घालून फिरते, एवढंच. पण त्या एका वाक्याने मी अशी काही हरभऱ्याच्या झाडावर चढले की दोन महिने रात्री जागून १४० गाण्यांची लिस्ट केली. एक गाणं चार मिनिटांचं धरा, नऊ तासांच्या वर जातं. कार्यक्रम होता साडेतीन तासांचा. हा साधा गुणाकार कुणी म्हणजे कुणीच केला नाही, मी तर नाहीच नाही.

तर झालं असं की ती लिस्ट डीजेवाल्या दादाला दिली आणि त्याने शफलवर टाकून दिली. त्याची काय चूक, मी क्रम दिलाच नव्हता. मग लोक नुकतेच येतायत, एकमेकांना ओळखतायत, तेव्हा धांगडधिंगा आणि शेवटी पोरं नाचायला उभी राहिली तेव्हा संथ गझल. पोरं तशीच उभी, एकमेकांकडे बघत.

पण खरी फजिती एन्ट्रीला झाली. मी निवडलेल्या गाण्याच्या सुरुवातीला सव्वा मिनिट नुसती बासरी आहे, शब्द नाहीत, आणि मला ती बासरी इतकी आवडते की पुढे गाण्यात काय म्हटलंय याकडे मी आयुष्यात लक्ष दिलं नव्हतं. ताई आणि जिजू दारातून निघाले आणि ३५ सेकंदांत स्टेजवर पोचले (हे मी नंतर व्हिडिओत मोजलं). पोचले आणि उभे. बासरी चालूच. ताईला हात कुठे ठेवायचे कळेना, जिजू उगीच वर लाइटकडे बघतायत, फोटोग्राफर म्हणतोय जरा हसा. आणि मग एकदाचे शब्द सुरू झाले ते काय, तर तू सोडून गेलीस आणि घर ओसाड पडलं, अशा अर्थाचे. मागच्या रांगेतून कुणीतरी खुसकन हसलं. ताई अजूनही मधेच ती बासरी तोंडाने वाजवून दाखवते.

तेव्हापासून मी दोन गोष्टी करते. एक, एन्ट्रीचं किंवा पहिल्या डान्सचं गाणं शब्दांसकट पूर्ण वाचून काढते, कारण चाल गोड असली की विरहाचं गाणंसुद्धा प्रेमाचं वाटतं, आणि दुसरी भाषा असेल तर विचारूच नका, कोरस सोडून कुणाला काही कळत नसतं. दोन, आदल्या दिवशी हॉलवर जाऊन दार ते स्टेज चालून बघते, मोबाइलवर सेकंद मोजत, आणि मुद्दाम हळू, कारण भारी कपडे घातलेला माणूस भरभर चालत नाही. मग गाण्याचा जो तुकडा सगळ्यात छान आहे तो तेवढाच कापून घ्यायचा. गाणं पहिल्यापासूनच लावलं पाहिजे असा काही नियम नाही.

आता आवाजाचं. हे मला सगळ्यात जास्त बोलायचंय आणि यावर लोक सगळ्यात कमी विचार करतात.

ताईच्या रिसेप्शनला आमची आत्या मोठ्या स्पीकरच्या बरोब्बर समोर बसली होती, कारण तेवढ्याच खुर्च्या शिल्लक होत्या. त्या खुर्च्या शिल्लक का होत्या हे मला आत्ता लिहिताना कळतंय. आत्याला कानाचं मशिन आहे. येणारा प्रत्येक जण वाकून काहीतरी बोलायचा आणि आत्या हसून मान हलवायची, मी लांबून बघत होते, मला वाटलं किती मजेत आहे. थोड्या वेळाने बघते तर तिने मशिन काढलं, रुमालात गुंडाळलं, पर्सच्या आतल्या चेनच्या कप्प्यात ठेवलं आणि परत हसून मान हलवायला लागली. नंतर तिला विचारलं तर म्हणाली, "अगं, नाहीतरी काही ऐकू येत नव्हतं, मग निदान शांत तरी बसू."

रिसेप्शनला लोक गाणी ऐकायला येत नाहीत हो, भेटायला येतात. साधं बोलणं एक मीटरवरून साधारण ६० डेसिबल असतं, म्हणजे गाणं त्याच्या वर गेलं की माणसं ओरडायला लागतात. आणि ते मुद्दाम नाही ओरडत, आपोआप होतं, त्याला लोम्बार्ड परिणाम म्हणतात, फ्रेंच डॉक्टर एतिएन लोम्बार्डने १९११ मध्येच लिहून ठेवलंय. मग काय होतं, माणसं ओरडतात म्हणून गाणं ऐकू येत नाही, म्हणून डीजे आवाज वाढवतो, म्हणून माणसं अजून ओरडतात, आणि तासाभरात सगळ्यांचे घसे बसलेले. कानाचं वेगळंच. अमेरिकेतल्या नायोश या संस्थेची कामाच्या जागेसाठीची मर्यादा आहे ८५ डेसिबलला आठ तास आणि त्यापुढे दर ३ डेसिबलला वेळ अर्धा, म्हणजे १०० डेसिबलला फक्त १५ मिनिटं. डान्स फ्लोअरवर १०० सहज होतात. मोबाइलच्या ॲपवर आकडा अगदी बरोबर येत नाही पण अंदाज येतो, तेवढा पुरे.

उपाय काही रॉकेट सायन्स नाही. स्टेजजवळ दोन मोठे स्पीकर ठेवले की मागच्यांना ऐकू यावं म्हणून पुढच्यांचे कान फोडावे लागतात, त्यापेक्षा चार छोटे हॉलभर पसरून ठेवा, कमी आवाजात काम होतं. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झालं की आवाज सुमारे ६ डेसिबलने उतरतो, हॉलमध्ये घुमल्यामुळे तेवढा उतरत नाही, म्हणून वयस्कर मंडळींना स्पीकरपासून लांब आणि त्याच्या तोंडासमोर नाही अशी जागा आधीच धरून ठेवा. आणि माइक हातात घेऊन स्पीकरसमोर कुणी उभं राहिलं की ती कुंईऽऽ शिट्टी येणारच, भाषण करणाऱ्याला हे आधी सांगा, नंतर तो कानावर हात ठेवून डीजेकडे रागाने बघतो.

बाकीचं पटपट सांगते. गाणी नेटवरून लाइव्ह वाजवू नका, डाउनलोड करून ठेवा, नाहीतर ऐन वेळी जाहिरात लागते. फोनवरून वाजवायचं तर वायर लावा आणि फ्लाइट मोड चालू करा, एका मैत्रिणीच्या रिसेप्शनला पहिल्या डान्सच्या मधेच रिंगटोन अख्ख्या हॉलला ऐकू आली होती. व्हॉट्सॲपवर आलेला व्हिडिओ म्हणजे गाणं नव्हे, हेडफोनवर ठीक वाटतं, मोठ्या स्पीकरवर पत्रा वाजल्यासारखं वाजतं. जुनी रेकॉर्डिंग नव्यापेक्षा हळू असतात, त्यामुळे एकामागून एक लावली की आवाजाचा दचका बसतो, कुणीतरी व्हॉल्यूमजवळ बसून राहायला हवं.

आणि नको असलेल्या गाण्यांची पण लिस्ट द्या, ती खरंतर जास्त कामाची. आमच्याकडे दहाबारा जण डीजेकडे फर्माईश घेऊन गेले आणि त्याने सगळ्यांना हो म्हटलं. आता मी सांगते की एकाच माणसाचं ऐकायचं, आणि तो माणूस नवरा-नवरी नको, त्यांना त्या दिवशी काहीही विचारू नका.

मागच्या वर्षी मामेभावाच्या रिसेप्शनला परत माझ्याच गळ्यात पडलं. या वेळी ४५ गाणी, तीन भागांत. लोक येईपर्यंत बहुतेक नुसती वाद्यं, जेवताना ओळखीची जुनी गाणी अगदी हळू, आणि शेवटचा पाऊण तास नाचायला, तेव्हा मात्र ठेका सोडायचा नाही, एकसारखी मिनिटाला १२० बीट्सच्या आसपासची एकामागून एक, कारण फ्लोअर एकदा रिकामा झाला की माणसं परत उठत नाहीत. गाडीत बसताना आत्याला विचारलं, गाणी कशी होती. म्हणाली, "गाणी होती होय? मी आणि तुझी मामी बोलत बसलो होतो."

मशिन कानातच होतं.